आवाजातली खरखर घशात असते की कानात? हे कोडं उलगडायला घेणाऱ्या हेल्महोल्ट्झची गोष्ट

फोन लागतो, पलीकडचा माणूस एखादाच शब्द बोलतो आणि आपल्याला लगेच कळतं, याचा घसा बसलाय. डॉक्टर असायची गरज नाही, गाणं शिकलेलं असायची तर मुळीच नाही. लहान पोरालाही आजोबांचा आवाज आज घोगरा येतोय हे कळतं.

पण नेमकं काय ऐकलं म्हणून कळलं, असं कोणी विचारलं की आपली पंचाईत होते. आवाज लहान झाला नव्हता, सूरही फारसा बदलला नव्हता. फक्त त्यात काहीतरी खरखरत होतं. ही खरखर म्हणजे काय? ती बोलणाऱ्याच्या घशात असते की ऐकणाऱ्याच्या कानात?

आजारी आवाजांवर काम करणारे डॉक्टर आणि संशोधक आजही या प्रश्नाशी झगडतायत. त्यांच्या हातात जी सगळ्यात जुनी आणि अजून उपयोगी पडणारी किल्ली आहे, ती दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी एका जर्मन माणसाने घडवली. तो शिकला डॉक्टरकी, नोकरी केली लष्करात, शिकवलं आधी शरीरशास्त्र आणि मग भौतिकशास्त्र. नाव हरमान फॉन हेल्महोल्ट्झ.

पैसे नव्हते म्हणून डॉक्टर झाला

हेल्महोल्ट्झचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ चा, बर्लिनजवळच्या पॉट्सडॅममधला. वडील शाळामास्तर. घरात पुस्तकं होती, तत्त्वज्ञानाच्या गप्पा होत्या, संगीत होतं. पैसा मात्र बेताचाच.

पोराला भौतिकशास्त्र शिकायचं होतं. त्या काळात भौतिकशास्त्र शिकून पोट भरेल याची काही खात्री नव्हती आणि वडिलांना तो खर्च झेपणारा नव्हता. मग मधला मार्ग निघाला. बर्लिनमध्ये लष्करासाठी डॉक्टर तयार करणारी एक सरकारी संस्था होती. शिक्षण फुकट, पण त्याच्या बदल्यात आठ वर्षं सैन्यात डॉक्टर म्हणून नोकरी करायची. हेल्महोल्ट्झ १८३८ मध्ये तिथे दाखल झाला. पियानोची साथ त्याने बर्लिनमध्येही सोडली नाही. वरवर ही किरकोळ गोष्ट वाटते, पण पुढची गोष्ट या पियानोशिवाय घडलीच नसती.

बर्लिनमध्ये त्याला योहानेस म्युलर नावाचे गुरू भेटले. त्या काळच्या युरोपातले शरीरक्रियाशास्त्रातले हे मोठे नाव. म्युलर यांनी मृत माणसांची स्वरयंत्रं काढून त्यांतून हवा फुंकली होती आणि स्वरतंतूंचा ताण कमी-जास्त केल्यावर सूर कसा बदलतो ते मोजलं होतं. माणसाचा आवाज हे काही गूढ प्रकरण नाही, ते एक यंत्र आहे आणि ते मोजता येतं, हा विचार हेल्महोल्ट्झला इथेच मिळाला.

शिकत असताना त्याला टायफस झाला. विद्यार्थी असल्यामुळे रुग्णालयात उपचार फुकट झाले, त्या काळात खर्चाचे पैसे साठले आणि त्या पैशातून त्याने सूक्ष्मदर्शक विकत घेतला. तोच वापरून अभ्यास केला आणि १८४२ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

डोळ्यात डोकावणारा माणूस

सैन्यात डॉक्टर म्हणून काम करता करता, वयाच्या २६ व्या वर्षी, १८४७ साली त्याने ऊर्जेच्या अक्षय्यतेवर निबंध लिहिला. ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते, हे आपण शाळेत शिकतो. तो नियम गणिताच्या भाषेत सर्वसमावेशकपणे मांडणाऱ्यांत हेल्महोल्ट्झ अग्रभागी होता. गंमत म्हणजे त्या काळच्या नावाजलेल्या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकाने हा निबंध छापला नाही. शेवटी तो पुस्तिका म्हणून निघाला.

पण बुद्धीची चुणूक दिसली होती. अलेक्झांडर फॉन हम्बोल्टसारख्या वजनदार माणसाने शब्द टाकला आणि आठ वर्षं पुरी व्हायच्या आत सैन्याने त्याला मोकळं केलं. १८४९ मध्ये तो क्योनिग्सबर्गला प्राध्यापक झाला. त्याच वर्षी ओल्गा फॉन फेल्टेनशी लग्न झालं.

क्योनिग्सबर्गमध्ये त्याने दोन मोठी कामं केली. बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजलं. तोवर हा वेग मोजण्याच्या पलीकडचा आहे असं खुद्द गुरू म्युलर यांनाही वाटत होतं. हेल्महोल्ट्झला उत्तर मिळालं सेकंदाला साधारण २७ मीटर. म्हणजे आपल्याला जे जाणवतं ते तत्क्षणी जाणवत नाही, मध्ये वेळ जातो.

दुसरं काम म्हणजे जिवंत माणसाच्या डोळ्याचा आतला पडदा पाहता येईल असं उपकरण. १८५१ मध्ये त्याने ते जगापुढे मांडलं आणि नेत्रवैद्यकाचं रूपच पालटलं. आज डोळ्यांचे डॉक्टर आपल्या डोळ्यात प्रकाश टाकून आत बघतात, त्याची सुरुवात इथली.

पुढच्या काही वर्षांत घशाचंही तसंच झालं. मान्युएल गार्सिया नावाचे गाण्याचे शिक्षक होते. त्यांनी १८५४ मध्ये छोटा आरसा घशात धरून, दुसऱ्या आरशाने उन्हाची तिरीप आत पाडून, स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी हे निरीक्षण मांडलं.

म्हणजे डोळा दिसू लागला, घसा दिसू लागला. राहिला कान. कानाचं दुखणं असं, की त्यात डोकावून काही कळत नाही. स्वरतंतूवर गाठ आहे हे आरशात दिसेल, पण ती गाठ असलेला आवाज आपल्याला खरखरीत का वाटतो, हे कुठल्याच आरशात दिसणार नाही.

दोन सूर भांडतात तेव्हा

क्योनिग्सबर्गची थंडी ओल्गाला सोसत नव्हती. तिच्या प्रकृतीसाठी हेल्महोल्ट्झ १८५५ मध्ये बॉनला आला आणि तिथून १८५८ मध्ये हायडेलबर्गला. पण ओल्गा वाचली नाही. १८५९ च्या डिसेंबरात ती गेली. पदरात दोन मुलं होती. १८६१ मध्ये त्याने ॲना फॉन मोलशी दुसरं लग्न केलं.

या सगळ्या पडझडीच्या वर्षांत त्याचं एक काम चालू होतं. तो ऐकत होता. नादकाटे, भोंगे, व्हायोलिन, पियानो, माणसांचे आवाज. त्याने पितळेचे आणि काचेचे पोकळ गोळे बनवून घेतले. एका बाजूला भोक, दुसऱ्या बाजूला कानात बसेल अशी नळी. प्रत्येक गोळा फक्त एका ठरावीक सुराला घुमायचा. हा गोळा कानाला लावला की गुंतागुंतीच्या आवाजातून तेवढा एक सूर वेगळा ऐकू यायचा. यालाच आज हेल्महोल्ट्झ रेझोनेटर म्हणतात.

याने एक गोष्ट पक्की झाली. आपण ज्याला एक सूर म्हणतो तो एक नसतो, सुरांची अख्खी उतरंड असते. कोणी सेकंदाला १०० कंपनांचा सूर लावला तर त्यात २००, ३००, ४०० असे वरचे स्वरही मिसळलेले असतात. त्यातला कुठला किती जोरात आहे यावर आवाजाचा पोत ठरतो. म्हणून तोच सूर बासरीवर वेगळा आणि सनईवर वेगळा वाटतो. म्हणून आ आणि ई वेगळे ऐकू येतात.

मग तो वळला खरखरीकडे. त्याचा शोध समजून घ्यायला तंबोरा उत्तम. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा अगदी थोड्या वेगळ्या सुरात असल्या की आवाजात लाटा येतात. मोठा, लहान, मोठा, लहान. याला विस्पंद म्हणतात. एक तार सेकंदाला १४० वेळा आणि दुसरी १४२ वेळा कंप पावत असेल, तर सेकंदाला दोन लाटा येतात. लावणारा खुंटी किंवा मणी हळूहळू फिरवत राहतो. लाटा संथ होत होत थांबल्या की जोडी जुळली.

आता उलट करा. तारा जुळवण्याऐवजी एकमेकींपासून दूर न्या. सेकंदाला चार लाटा आल्या तर आवाज हेलकावतो. दहा आल्या तर थरथरतो. वीस-तीसच्या पुढे गेल्या की कान लाटा मोजायचं सोडून देतो. लाटा नाहीशा होत नाहीत, त्यांची खरखर होते. हेल्महोल्ट्झच्या हिशेबात वरच्या पट्टीत सेकंदाला ३० ते ४० विस्पंदांच्या आसपास ही खरखर सगळ्यात जास्त टोचते. अंतर आणखी वाढवलं की ती हळूहळू मावळते आणि दोन सूर सुटे ऐकू येऊ लागतात.

तारांमध्ये कुठेही खरखर नावाची वस्तू भरलेली नव्हती, हे लक्षात घ्या. बाहेर होते फक्त आवाजाचे चढउतार. संथ चढउतार कानाला लाट वाटले, जलद झाल्यावर खरखर वाटले.

असं का होतं? हेल्महोल्ट्झचं म्हणणं असं, की आतल्या कानात, गोगलगायीच्या शंखासारख्या भागात, वेगवेगळ्या सुरांना वेगवेगळ्या जागा नेमून दिलेल्या आहेत. पियानोच्या तारांसारखं. दोन सूर पुरेसे दूर असले की आपापल्या जागा हलवतात आणि भांडण होत नाही. ते जवळ आले की एकच जागा दोघे मिळून ओढतात, आणि ती ओढाताण आपल्याला खरखर म्हणून जाणवते.

१८६३ मध्ये हे सगळं त्याच्या स्वरसंवेदनांवरच्या मोठ्या ग्रंथात आलं. १८७५ मध्ये अलेक्झांडर एलिस यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो जगभर गेला.

त्याची सगळीच मांडणी टिकली असं नाही. आतल्या कानातला पडदा म्हणजे सुट्यासुट्या तारा नव्हेत, त्यावरून लाट सरकत जाते, हे पुढे गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवलं आणि त्यांना १९६१ चं नोबेल मिळालं. पण वेगवेगळ्या सुरांच्या वेगवेगळ्या जागा आणि जवळच्या सुरांची ओढाताण, हा गाभा कायम राहिला.

सांगली-मिरजेपर्यंत पोहोचलेली खरखर

या ग्रंथातला एक वाद आपल्या ओळखीचा आहे. पियानो आणि हार्मोनियम ज्या समान अंतराच्या पट्टीत लावतात, त्यात काही स्वर नैसर्गिक जागेवरून किंचित सरकलेले असतात. उदाहरणार्थ, शुद्ध गंधार थोडा चढा लागतो. हेल्महोल्ट्झच्या कानाला ही पट्टी खरखरीत वाटायची, विशेषतः हार्मोनियमसारख्या लांब सूर धरणाऱ्या वाद्यावर. म्हणून त्याने नैसर्गिक अंतरांची खास हार्मोनियम बनवून घेतली होती.

आपल्याकडे हाच काटा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुतला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये २२ श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातून येणारे स्वर मोजून पाहण्याचे प्रयोग झाले. ई. क्लेमेंट्स या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या साथीने श्रुती हार्मोनियमही तयार झाली. त्यावर पुढे कडाक्याचे वाद झाले. पण गवयाचा कान आणि आकडे यांची सांगड घालायची ही धडपड त्याच जातीची होती.

आजारी आवाजाचा हिशेब

हेल्महोल्ट्झने आजारी आवाजांवर ग्रंथ लिहिला नाही. त्याचं लक्ष संगीतावर होतं. तरी माणसाच्या आवाजाबद्दलचं एक निरीक्षण त्याने नोंदवलं. भारी, खर्जातल्या आवाजात वरचे स्वर फार जोरकस असले, तर ते एकमेकांना इतके जवळ येतात की त्यांच्यातच विस्पंद होतात आणि आवाज करकरीत वाटतो. म्हणजे खरखरीसाठी दोन वाद्यं लागत नाहीत. एका गळ्यातही ती होऊ शकते.

आता घसा बसलेल्या माणसाकडे येऊ. आपले दोन स्वरतंतू बोलताना सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतात. पुरुषांत साधारण १०० ते १२५ वेळा, बायकांत २०० च्या आसपास. दोन्ही बाजू सारख्या, ताण सारखा, तर प्रत्येक उघडझाप आधीच्या उघडझापीसारखी होते. आवाज गुळगुळीत.

समजा ओरडून ओरडून एका तंतूवर सूज आली, किंवा गाठ झाली, किंवा एका बाजूची नस दुखावली. आता दोन बाजूंचं वजन आणि ताण जुळत नाही. उघडझाप अडखळते. कधी एक मोठी, एक लहान, एक मोठी, एक लहान, अशी जोडी पडते.

समजा आवाज सेकंदाला १४० कंपनांचा आहे. दर दुसरी उघडझाप कमजोर पडली तर आवाजात सेकंदाला ७० वेळा चढउतार होतो. आधुनिक प्रयोग सांगतात, की मधल्या पट्टीतल्या सुरात सेकंदाला सुमारे ७० चढउतार असले की कानाला सगळ्यात जास्त खरखर जाणवते. म्हणजे आजारी घसा जो चढउतार निर्माण करतो, तो नेमका कानाच्या दुखऱ्या जागी बोट ठेवतो. म्हणून एका शब्दात आपल्याला कळतं.

संशोधकांनी या खरखरीला एककही दिलं आहे, ॲस्पर. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थच खरखरीत.

मग यंत्राने मोजून टाकायचं की!

इथे खरी अडचण सुरू होते. यंत्राने उघडझापीतला अनियमितपणा मोजता येतो. पण तो आकडा आणि ऐकणाऱ्याला वाटलेली खरखर नेहमी जुळत नाही. अनियमितपणा सारखाच असला तरी सूर वर-खाली झाला की कानाला तो वेगळा वाटू शकतो. आवाज फार बिघडलेला असला तर त्यातला मूळ सूर कोणता हेच यंत्राला नीट सापडत नाही, आणि नेमकी अशाच रुग्णाच्या बाबतीत मोजणी हवी असते.

म्हणून दवाखान्यात आजही कानावर भरवसा ठेवतात. जपानमध्ये तयार झालेली आणि १९८१ पासून जगभर पसरलेली जीआरबीएएस नावाची पद्धत आहे. तज्ज्ञ रुग्णाचा आवाज ऐकतो आणि पाच गोष्टींना शून्य ते तीन गुण देतो: एकूण बिघाड, खरखर, हवा निसटल्यासारखा फुसका आवाज, अशक्तपणा आणि ताण. खरखर आणि फुसका आवाज वेगळे धरलेत. खरखर अडखळत्या उघडझापीची, फुसका आवाज तंतू नीट न मिटल्याने निसटणाऱ्या हवेचा. पुष्कळ रुग्णांत दोन्ही एकत्र असतात आणि एकाने दुसऱ्याचा अंदाज चुकतो.

दोन तज्ज्ञांनी एकच आवाज ऐकला तर गुण सारखे येतात का? अगदी निरोगी आणि अगदी बिघडलेल्या आवाजांबाबत बहुतेकदा येतात. मधल्या आवाजांवर मात्र मतभेद होतात. प्रत्येकाच्या डोक्यातली मोजपट्टी वेगळी असते. ज्याने दिवसभर गंभीर रुग्ण ऐकलेत त्याला संध्याकाळी मध्यम खरखर सौम्य वाटू शकते.

हा नुसता पुस्तकी वाद नाही. एखाद्या शिक्षिकेचा आवाज तीन महिन्यांच्या उपचारांनी सुधारला की नाही, शस्त्रक्रियेचा उपयोग झाला की नाही, हे अशाच गुणांवरून ठरतं. गुण देणारा बदलला म्हणून रुग्ण बरा झाल्यासारखा दिसू नये.

यावर एक उपाय हेल्महोल्ट्झच्या वळणाचा आहे. ऐकणाऱ्याला आकडा विचारायचाच नाही. त्याच्यापुढे एक कृत्रिम आवाज ठेवायचा, ज्याचा चढउतार कमी-जास्त करता येतो. रुग्णाच्या आवाजाइतकाच तो खरखरीत वाटेपर्यंत बटण फिरवायला सांगायचं. तंबोरा जुळवतात तसंच. किती फिरवावं लागलं, ते झालं माप. कान निवाडा करतो, पण बोलतो आकड्यात.

खरखर म्हणजे आजारच का?

नाही. शाहिराचा पहाडी आवाज, रात्रभर भजन गाणाऱ्याचा भरड गळा, खर्जात हळू बोलणाऱ्याच्या वाक्याच्या शेवटी येणारी करकर, या सगळ्यांत खरखर असते आणि ती आपल्याला आवडतेही. कानाला चढउतार कळतो. तो आजार मानायचा की बाज, हे सवय आणि प्रसंग ठरवतात.

पण नेहमी स्वच्छ असणारा आवाज अचानक घोगरा झाला आणि तीन-चार आठवड्यांनंतरही सुटला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवायलाच हवं. तंबाखू, विडी, सिगारेट असेल तर आणखी लवकर. घशाच्या कर्करोगाची पहिली खूण पुष्कळदा एवढीच असते, आणि ती रुग्णाच्या आधी घरच्यांच्या कानाला कळते.

हेल्महोल्ट्झ १८७१ मध्ये बर्लिनला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक म्हणून गेला. पैशाअभावी जो विषय विद्यार्थी म्हणून शिकता आला नाही, त्याच विषयाचं जर्मनीतलं सगळ्यात मानाचं आसन त्याला मिळालं. हाइनरिख हर्ट्झ त्याच्या हाताखाली तयार झाला, मॅक्स प्लांकने त्याची व्याख्यानं ऐकली. १८८३ मध्ये सरदारकी मिळाली आणि नावात फॉन आलं. नव्या राष्ट्रीय मापन संस्थेचा तो पहिला अध्यक्ष झाला. १८९३ मध्ये तो अमेरिकेला जाऊन आला. परतीच्या प्रवासात जहाजाच्या जिन्यावरून पडला, पुढच्या वर्षी पक्षाघात झाला आणि ८ सप्टेंबर १८९४ ला त्याचं निधन झालं.

आयुष्यभर तो एक गोष्ट वेगवेगळ्या मार्गांनी सांगत राहिला. आपल्याला जे जाणवतं ती बाहेरच्या जगाची हुबेहूब नक्कल नसते, ती एक खूण असते. आणि खूण वाचायला शिकावं लागतं. घोगऱ्या आवाजाचंही तेच आहे. बिघाड घशात असतो, खरखर कानात तयार होते, आणि या दोन्हींमधलं अंतर मोजायचं काम अजून चालू आहे. तोवर घरातल्या कोणाचा आवाज बदललेला वाटला, तर आपल्या कानाला खुळ्यात काढू नका.